झाकण उघडणारे सर

आमच्या प्रयोगशाळेत त्याला तोंडावर सगळे सर म्हणत आणि पाठ वळली की झाकण. जिथे म्हणून झाकण असेल तिथे तो ते उघडून बघणार. बायकोनं भांडं गॅसवर ठेवलं की हा वाफ घालवायला हजर. मुलगा अभ्यासाला बसला की दाराच्या फटीत याचं नाक. मुलानं शेवटी आतून कडी घातली. मला या माणसाचा राग येत नसे. रागावण्यासाठी समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते.

त्याचं नाव झालं ते एका प्रथिनावरून. उंदराचा भ्रूण सुरुवातीला एका पेशीचा असतो, मग दोन, मग चार. पण पेशी मनात येईल तेव्हा दुभंगत नाही. काही प्रथिनं साठत जाऊन तिला परवानगी देतात, काही रोखून धरतात, आणि काम झालं की परवानगीवाली मोडीत निघतात. त्यातलं एक प्रथिन बनूच दिलं नाही तर दोनाचे चार होत नाहीत, असं यानं छापून आणलं आणि तेव्हापासून जमिनीवरून चालायचं सोडलं.

त्याच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या मुलीला मात्र ते काही केल्या जमेना. तेच प्रथिन बंद करूनही तिचे भ्रूण खुशाल चार पेशींचे होत. आपलं चुकलं असेल, हे झाकणाच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. पोरीच्या हाताला वळण नाही असं ठरवून, तिला काढून टाका म्हणून तो विभागप्रमुख बाईंच्या मागे लागला. तिची सगळी वर्षं पाण्यात जाणार होती. बाई म्हणाल्या, आणखी एकदा करू दे, मग काय ते ठरवू.

तिनं दोन प्लेट्स लावल्या. एकीतल्या भ्रूणांचं ते प्रथिन बंद केलेलं, दुसरीतल्यांना काहीच न केलेलं. दोन्ही इन्क्युबेटरच्या उबेत ठेवून तिनं सरांना विनवलं, की उद्यापर्यंत दार उघडू नका.

दुसऱ्या दिवशी बाईंसमोर त्यानं पहिली प्लेट स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. सगळे भ्रूण दोन पेशींवर अडकलेले.

"बघा. मी म्हणत होतो ना?"

मुलीचा चेहरा उतरला. तिनं हळूच विचारलं, "सर, तुम्ही प्लेट बाहेर काढून बघत होता?"

"मग? दिवसभर बघत होतो. प्रयोगावर लक्ष ठेवावं लागतं."

"आणि दुसरी?"

"दुसरीत बघण्यासारखं काय असतं? एरवी मी हातही लावत नाही. पण तू उद्या म्हणशील, सरांनी भेदभाव केला. म्हणून या वेळी दोन्ही सारख्याच काढून बघितल्या."

मुलीनं दुसरी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बाईंनी पाहिलं. काहीच न केलेले भ्रूणसुद्धा दोन पेशींवरच अडकले होते. उबेतून गारठ्यात, अंधारातून उजेडात इतक्यांदा ओढल्यावर दुसरं काय होणार? बिचाऱ्या प्रथिनाचा यात संबंधच नव्हता.

"तू तुझा प्रबंध लिहायला घे," बाई मुलीला म्हणाल्या. "हेही त्यात लिही."

झाकणानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. यांना काय झालं, असं पुटपुटला. मग खात्री करून घ्यायला तो उठला, इन्क्युबेटरचं दार सताड उघडलं आणि आत डोकावून बसला. आत आता फक्त माझ्या प्लेट्स होत्या.