आक्काची बोटं

आक्काची बोटं कधी रिकामी नसत. संध्याकाळी धारा झाल्या, की शिवाजी पेठेतल्या आमच्या गोठ्याच्या उंबऱ्यावर ती रॉकेलची वाटी घेऊन बसे आणि भुऱ्या तिच्या मांडीवर डोकं टाके. कानामागं, पंजांच्या बेचक्यांत, शेपटीखाली चाचपत ती एकेक गोचीड ओढून वाटीत टाकायची. कुत्रं चुळबुळलं की म्हणायची, "हलू नगं राजा, निघंल."

आक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. माझा संसार तिनं उपसला आणि बदल्यात माझ्याकडं दोनच गोष्टी मागितल्या. पहिली, हे कुत्रं. कळंब्याच्या तळ्याकडून तिनं ते पिल्लू पदरात घालून आणलं होतं. मी कुरकुरत ठेवू दिलं.

दुसरी मागणी भुऱ्या तापानं पडला तेव्हाची. आक्का त्याला चालत गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. गोचिडींचाच ताप होता. इंजेक्शनांनी तो उठला. पण डॉक्टरांनी बजावलं, की अंगावरच्या गोचिडी कितीही वेचल्या तरी पुरायचं नाही, भिंतीच्या भेगांत त्यांची अंडी आहेत. भेगा बुजवा, गोठा फवारून घ्या. आक्का घरी आली ती सरळ माझ्याकडं.

"बापू, भिंत लिंपून घे की रं. न्हायतर ताप परत येतोय म्हणं."

"पाडवा होऊ दे, आक्का."

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून रस्त्यावर आणतात, मोटारसायकलमागं पळवतात. मला त्या वर्षी नाव काढायचं होतं. शिंगं घासणं, मोरपिसं बांधणं, रोज संध्याकाळी म्हशीला गाडीमागं पळायला शिकवणं, या सगळ्याला माझ्याकडं वेळ होता. आक्कानं परत विषय काढला तेव्हा दोस्त बसले होते. मी म्हणालो, "कुत्र्याला आता बंगला बांधू काय?" सगळे हसले. आक्काही थोडं हसली आणि आत गेली.

पाडव्याला माझ्या म्हशीचं गावभर कौतुक झालं. गुलालानं माखून घरी आलो, तर भुऱ्या दारात आला नाही. हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्त. डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आक्काच्या मांडीवर गेला. तेव्हाही तिची बोटं त्याच्या कानामागंच होती.

गल्लीत बोलणं सुरू झालं, "आक्काचं खुळंच. डॉक्टरकडं न्यायचं सोडून गोचिडी वेचत बसली." लोक माझ्यासमोर, आमच्याच कट्ट्यावर बोलले. मी चहा पीत राहिलो. एकदा तर म्हणालो, "तिला कोण सांगणार?" आक्का आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. माझ्या घरात राहून मला चारचौघांत खोटं पाडणं तिला जमलं नाही.

तर आता लिहून ठेवतो. आक्कानं त्याला डॉक्टरकडं नेलं होतं. काय करायचं ते तिला कळलं होतं, तिनं मला सांगितलंही होतं. भिंत माझी होती.

पुढं काही दिवसांनी बघतो तर आक्का स्टुलावर उभी राहून चिखल-शेणानं भेगा बुजवत होती.

"आता कशाला गं?"

"गल्लीतली कुत्री येत्यात की सावलीला."

स्वतःसाठी तिनं परत कुत्रं पाळलं नाही. वाटी फडताळात पालथी पडून राहिली.

बऱ्याच वर्षांनी, दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत, ती कुणाला ओळखत नव्हती. मी उशाशी बसलो होतो. तिनं माझा हात मांडीवर ओढून घेतला आणि हातावरच्या केसांतून बोटं फिरवायला लागली. मनगटावर माझ्या एक काळा तीळ आहे. तिथं बोट अडलं. तिनं नखानं तो धरला आणि हळूच ओढू लागली.

"हलू नगं राजा, निघंल."

मी हललो नाही.