फोटोच्या जागी राखाडी चौकोन

नांग पानिंगच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं वळत नाहीत. मूठ आवळली तरी ती ताठ बाहेर राहतात. कान्सिलाय बेटावर ती कशी मोडली हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी विचारत नाही.

तिचं खरं नाव एपिफानिया. पण वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची तिकडे रीत नाही, म्हणून ती सगळ्यांची नांग, म्हणजे ताई. नवरा एकदा माडी पिऊन अंगावर धावून आला, तेव्हा तिने त्याला तव्याने असा हाणला की कपाळ फुटलं. मग तिनेच त्याला होडीत घातलं आणि वाटभर रडत, टाके घालायला समोरच्या लेयते बेटाच्या किनाऱ्यावर नेलं.

"मारलंस पण तूच, रडतेस पण तूच?" नवरा कण्हत म्हणाला.

"मग काय तू रडणार? तुला तेही धड जमायचं नाही."

नवरा वारला. मुलं मोठी होऊन शहरात गेली. बास्केटबॉलच्या सिमेंटच्या मैदानाला लागून तिचं छोटं दुकान होतं. त्यात व्हिनेगर, सुके मासे, रॉकेल आणि लोड मिळे. लोड म्हणजे मोबाईलमध्ये भरायचे पैसे. दुकानातल्या जुन्या बटणांच्या फोनवरून ती ज्याच्या त्याच्या नंबरवर लोड पाठवायची. अख्ख्या गावाचे नंबर तिच्या अंगठ्याला पाठ होते. तिच्या स्वतःच्या फोनमध्ये मात्र लोड कधीच नसे. "खानावळवाली कधी बाहेर जेवते का?" असं ती म्हणायची.

लोड नसला तरी फोन अगदीच मुका नसे. कंपनीने एक अॅप फुकट ठेवलं होतं, बाकी सगळं इंटरनेट पैशाचं. त्या फुकटातही अक्षरं तेवढी दिसत. फोटोच्या जागी राखाडी चौकोन येई आणि बातमी उघडायला गेलं की 'इथून पुढे पैसे लागतील' अशी पाटी. बेटाला चौकोनांची सवय झाली होती. ज्याच्याकडे लोड असेल त्याने बाकीच्यांना फोटो सांगायचा, अशी रीतच पडून गेली होती. कुणाच्या लग्नाचा फोटो आला की खाली लोक लिहीत, 'मी फुकटात आहे, काय दिसतंय सांगा ना.' मग कुणीतरी लिही, 'नवरी जाड झालीय, केक तीन मजली आहे.'

हे सांगण्यात सगळ्यात पुढे जुनरे. सव्वीस वर्षांचा, देखणा. सेबू शहरात वर्षभर नोकरी करून आला तो काळा चष्मा आणि रिकामा खिसा घेऊन. पानिंगने त्याला बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलं होतं; ती त्याची निनांग, धर्माची आई. आपला लोड संपलाय हे जुनरे मेला तरी कबूल करायचा नाही. तो तीन मजली केक त्याचाच. त्या लग्नात केक नव्हताच. सगळे हसले, तोही हसला.

गावच्या सणाआधी दरवर्षी समुद्रापलीकडून नोंग उर्बे, म्हणजे उर्बेदादा, यायचा. म्हातारा, कमी बोलणारा, धार लावणारा. खांद्यावर पायाने फिरवायचं चाक, पाठीवर गोणी. त्या वर्षी तो आला, पानिंगच्या दारात बसला आणि सकाळभर त्याने गावातले कोयते घासले. मुलं भोवती जमली, कारण चाकातून ठिणग्या उडायच्या.

"जवळ या, जवळ या," तो म्हणायचा, "चावत नाहीत."

दुपारी पानिंगने त्याला भात आणि तळलेला मासा वाढला. तो जेवत असताना मैदानावर वाळत घातलेल्या खोबऱ्याच्या कडेला माणसं गोळा व्हायला लागली. सगळ्यांच्या हातात फोन होते. पानिंगनेही आपला काढला. तालुक्याच्या कचेरीच्या पानावर मजकूर आला होता : 'सावधान! गोणी घेऊन बेटाबेटांवर फिरणारा माणूस मुलं पळवतो आहे. फोटो नीट पाहा आणि सर्वांना कळवा.' खाली राखाडी चौकोन.

"काय दिसतंय रे?" कुणीतरी विचारलं. "लोड कुणाकडे आहे?"

सगळ्यांनी जुनरेकडे पाहिलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला.

"म्हातारा आहे," तो म्हणाला. मग त्याची नजर दुकानाच्या दाराकडे गेली. "खांद्यावर चाक आहे."

पानिंगनेही मान वळवून उर्बेच्या गोणीकडे पाहिलं. क्षणभर तिलाही ती गोणी एखाद्या मुलाएवढी वाटली. नंतर कित्येक वर्षं तिला स्वतःचा राग येत राहिला तो त्या क्षणासाठी.

"ए म्हाताऱ्या, गोणी उघड!"

"आधी जेवू दे त्याला," पानिंग ओरडली.

"नांग, तुझी पोरं मोठी झालीत. आमची लहान आहेत."

गोणी उलटी केली. चिंध्या पडल्या, तेलाची बाटली पडली, पावाची पिशवी पडली आणि लहान मुलीच्या गुलाबी चपला पडल्या. नव्याकोऱ्या.

"नातीला," उर्बे म्हणाला. तोंडात अजून घास होता.

पहिला फटका वल्ह्याचा बसला, कानावर. भाताची ताटली उडाली. तो उठायला गेला तर कुणीतरी छातीत लाथ मारली आणि मग त्याला पायांना धरून ओढत मैदानावर नेलं. वाळतं खोबरं अंगाखाली चिरडत गेलं. बायकाही धावल्या. जिच्या मुलाला सकाळी त्याने ठिणग्या दाखवल्या होत्या, तिनेच त्याच्या तोंडावर दगड घातला. तो दोन्ही हातांनी डोकं झाकत होता, म्हणून त्यांनी हातांवर मारलं. हात खाली आले, मग डोक्यावर मारलं.

पानिंग दुकानात शिरली. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःच्या नंबरवर लोड टाकला. नेटवर्कची एकच काडी होती. ती देवाला शिव्या घालत उभी राहिली. आणि मग चौकोन हलला, वरून खाली हळूहळू भरत गेला.

फोटोत गोंदवलेला, तरुण, कुठल्या भलत्याच मुलखातला माणूस होता. त्याच्या छातीवरून आडवी, लाल, ठसठशीत अक्षरं होती : ही बातमी खोटी आहे. विश्वास ठेवू नका.

कचेरीने अफवा जशीच्या तशी वरच्या मजकुरात उतरवली होती आणि 'खोटी' हा शिक्का मारला होता फोटोवर.

फोन डोक्यावर धरून ती गर्दीत घुसली. "बघा! मेल्यांनो, बघा! खोटं आहे! हा तो नव्हे!" कुणी बघेना. तिने एकाच्या तोंडासमोर फोन नाचवला. त्याने वल्हं उगारलेलंच होतं. ते फोनवर आणि फोन धरलेल्या हातावर उतरलं. काचेचा चुरा झाला. दोन बोटं कडकन मोडल्याचं तिने ऐकलं, दुखलं नंतर. फोन पायांखाली गेला.

जुनरे तिच्यासमोरच उभा होता. त्याच्या हातात कोयता नव्हता, काहीच नव्हतं. तोंड उघडं होतं.

"सांग त्यांना!" ती किंचाळली. "तुझ्याकडे लोड नाही, सांग!"

"निनांग..." तो म्हणाला. त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळे होते तिथे. गावात त्याचं हसं झालं असतं.

ती परत दुकानाकडे धावली. मोडका हात पोटाशी दाबला आणि उजव्या अंगठ्याने बटणांचा फोन बडवायला लागली. एक नंबर, लोड. दुसरा नंबर, लोड. वल्हंवाल्याचा. दगडवालीचा. जो आठवेल त्याचा. दुकानात होतं नव्हतं ते सगळं ती पाठवत सुटली.

मैदानावर एक खिसा वाजला. मग दुसरा. मारता मारता एक जण थबकला, सवयीने त्याने फोन काढला. हा न मागितलेला लोड कुठून आला म्हणून बघायला गेला आणि समोर तोच मजकूर, पण आता फोटोसकट. तो ओरडला, "थांबा रे! अरे थांबा!" खिसे वाजत गेले, हात थांबत गेले. रक्ताने माखलेल्या बोटांनी माणसं काच पुसून लाल अक्षरं वाचत होती.

सगळ्यात शेवटी ज्याचा खिसा वाजला, त्याच्या हातात कोयता होता. सकाळीच उर्बेने घासून दिलेला. मान आणि खांदा यांच्यामध्ये एकच वार बसला होता, पण धार चांगली होती.

ज्यांनी मारलं त्यांनीच त्याला उचलून होडीत ठेवलं. पानिंग त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. अर्ध्या समुद्रात त्याने डोळे उघडले. "चपला," म्हणाला. लेयतेचा किनारा दिसायला लागला तेव्हा तो गेला होता.

पोलीस आले, कोयता नेला, कोयतेवाल्याला नेलं, वल्हंवाल्याला नेलं. त्यांच्याबरोबर उर्बेची बायको सोलेदाद आली होती, धारेचं चाक न्यायला. वाळक्या अंगाची, काळी ओढणी घेतलेली. ती मैदानाच्या मधोमध उभी राहिली. तिथलं सिमेंट धुतलं होतं, तरी डाग होता.

"मारलं कुणी ते कळलं मला," ती म्हणाली. "फोटोत माझा नवरा आहे असं कोण म्हणालं, तेवढं सांगा."

गर्दीत जुनरे होता, त्याची आई होती. आईने पानिंगकडे पाहिलं. एका ताटात जेवलेल्या मैत्रिणी त्या. ती नजर काय मागत होती हे पानिंगला कळत होतं.

त्या बेटावर माणूस दाखवायचा तर कुणी बोट करत नाही, ते उद्धट समजतात. ओठ किंचित पुढे काढून दाखवतात. पानिंगने ओठ पुढे काढायचा प्रयत्न केला, पण ते थरथरत राहिले, एका जागी ठरेनात. तेव्हा तिने पट्टी बांधलेला डावा हात उचलला. लाकडी चिपेला बांधलेली दोन्ही बोटं सरळ जुनरेच्या छातीवर रोखली गेली.

"हा," ती म्हणाली. "माझा धर्माचा मुलगा. त्याने फोटो पाहिलाच नव्हता."

जुनरेने चष्मा काढला आणि पोलिसांच्या दिशेने दोन पावलं स्वतःच पुढे आला.

धारेचं चाक जड होतं. सोलेदादला एकटीला उचलेना. पानिंगने उजव्या हाताने एक बाजू धरली आणि दोघी ते होडीपर्यंत घेऊन गेल्या. गुलाबी चपला पानिंगने धुऊन ठेवल्या होत्या. त्याही दिल्या.

अॅप अजून फुकट आहे, चौकोन अजून राखाडी आहेत. पानिंगच्या फोनमध्ये मात्र आता कायम लोड असतो. कुणी विचारलं की ती फोटो उघडून सांगत नाही. फोनच त्याच्या हातात देते. जुनरेची आई तेवढी येत नाही. मीठ आणायलासुद्धा ती अख्खं गाव ओलांडून पलीकडच्या दुकानात जाते, आणि मैदानाजवळून जाताना तोंड समुद्राकडे करते. पानिंग ती दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी असते.