बार, आट्यू आणि किलो

आमची कंपनी जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळ कॉम्प्रेसर बनवते. त्यांची माहितीपुस्तकं युरोपभरच्या भाषांत निघतात आणि त्यांतले शब्द तपासणं हे माझं काम होतं. दाबाचं एकक बार. जर्मन, पोलिश, इटालियनमध्ये बारच. फिनिशमध्ये बारी, लिथुआनियनमध्ये बारास. एवढं कोशात सापडतं. पण जुना जर्मन फिटर अजूनही ‘आट्यू’ म्हणतो आणि स्पॅनिश मेकॅनिक सरळ ‘किलो’. हे मी एकेकाला फोन करून जमवलं. सुचलं त्याचं कारण, भोसरीत माझ्या वडिलांच्या वर्कशॉपमध्येही हवा किलोतच मोजत.

हे सगळं मी माझ्या सहकाऱ्याला शिकवलं. तोही पुण्याचा. या नोकरीसाठी त्याचं नाव मीच सुचवलं होतं; घर मिळेपर्यंत नवराबायको आमच्याकडेच राहिले. सारखं ताई, ताई.

मग कळलं, आमच्या दोन जागांपैकी एकच राहणार. आपापलं काम बॉसबाईंपुढे मांडायचं. तो आधी उभा राहिला. बार, आट्यू, किलो, सगळं माझ्याच क्रमाने. वर म्हणाला, “माझ्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये हवा किलोत मोजायचे, तिथून मला हे सुचलं.”

त्याचे वडील बँकेत मॅनेजर होते.

माझ्याकडे मांडायला वेगळं काही उरलंच नव्हतं. हे काम माझं आहे, एवढं मी सांगितलं. “हो, हो,” बाई म्हणाल्या, “तुम्ही दोघं एकाच शहरातले. छान टीमवर्क!” जागा त्याला मिळाली.

मी त्याला जिन्यात गाठलं. “तुझे बाबा वर्कशॉपवाले कधी झाले रे?”

“अहो ताई, प्रेझेंटेशनला एखादी गोष्ट लागते.”

“माझ्या बापाची?”

“तुमच्याकडे दाजी कमावतात. माझा व्हिसा या नोकरीवर आहे, तुम्हाला माहितीये.”

माहीत होतं. तोंडाने मागितलं असतं तर मी विचार तरी केला असता.

इथे नोकरी सोडून जाणाऱ्यानेच शेवटच्या दिवशी ऑफिसला खाऊ घालायचं असतं, आउसश्टांड म्हणतात त्याला. आदल्या दिवशी तो टेबलाशी आला. “ताई, साबुदाणा वडे आणाल ना? सगळे विचारतायत.”

मी बेकरीतला केक नेला. कापून एकेकाच्या हातात दिला. त्याची प्लेट पुढे आली तेव्हा सुरी खाली ठेवली.

“तू घरचा आहेस,” मी म्हटलं. “आपल्या हाताने घे.”