आकळिके अण्णांची चुटकी

आकळिके अण्णांनी तोंड उघडलं की समोरच्याचं तोंड उघडलंच म्हणून समजावं. जांभई सगळ्यांचीच लागते, मान्य. पण तुमची-माझी जांभई एखाद्याला लागते, एखाद्याला लागत नाही. अण्णांच्या जांभईतून सुटलेला माणूस मी पाहिला नाही. आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये एकदा कुणी मोठे पाहुणे शिस्तीवर भाषण द्यायला आले होते. अण्णा पहिल्या रांगेत होते. 'राष्ट्र' म्हणण्यासाठी पाहुण्यांनी आ केला, तो काही मिटेना. अण्णांच्या मागे सगळं कँटीन आ वासून बसलेलं. भाषण तिथंच आटोपलं आणि आम्हाला चहा वेळेआधी मिळाला.

माझ्या नातवाकडे चित्रांची पुस्तकं आहेत. त्यांत हवेत उडणारी, नुसत्या नजरेनं भिंत पाडणारी माणसं असतात आणि त्यांची एक टोळी असते. टोळीत शिरायचं तर अंगात काहीतरी अचाट हवं. असा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, पाहिलाय, आणि त्याला अण्णांची गोष्ट सांगितली. तो हसून हसून लोळला. मी त्याला निम्मीच सांगितली होती.

अण्णांचं खरं नाव नागोजीराव. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांतून अशी नावं असायची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, असा आमचा सगळ्यांचाच संसार. आकळिके म्हणजे कन्नडात जांभई. हे नाव कारखान्यातल्या कन्नड मंडळींनी ठेवलं आणि ते असं चिकटलं की हजेरी घेतानासुद्धा तेच तोंडी येई. मराठीत आकळणं म्हणजे उमगणं. मी त्यांना पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा आईला ते नाव ऐकून वाटलं की हे कुणी ज्ञानी पुरुष असावेत. तिनं वाकून नमस्कार केला. अण्णा इतके संकोचले की त्यांना जांभई आली. मग आईला आली. मग मला.

जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. का वाजवायची ते कुणी धड सांगत नाही. कुणी म्हणतं उघड्या तोंडातून प्राण निसटतो, कुणी म्हणतं नको ते आत शिरतं. तान्हेपणी आई वाजवते आणि मोठेपणी बोटं आपली आपण वाजतात. अण्णा स्वतःसाठी वाजवत आणि मग समोरच्यासाठीही. पाच जणांना जांभई आली तर पाचही जणांच्या तोंडापुढे हात नेऊन चुटक्या वाजवत फिरत. लोक चिडत. अण्णा म्हणत, "दिली ती मी, राखायची पण मीच की."

लोखंड ओतायच्या फौंड्रीत ते वाळू चाळत. कित्येक वर्षं चाळत होते आणि अजून हंगामीच होते. आमच्याकडे माणूस कायम झाला की त्याला नंबर कोरलेला पितळी बिल्ला मिळे. हंगामी माणसाला मिळे महिन्याची कागदी चिठ्ठी. महिना संपला की टाइम ऑफिसच्या खिडकीत जायचं, यादीत नाव असेल तर नवी चिठ्ठी घ्यायची, नसेल तर घरी जायचं. त्या खिडकीच्या आत बसून चिठ्ठ्या लिहिणारा कारकून मी. मीही हंगामीच होतो. माझी चिठ्ठी मी माझ्याच हातानं लिहीत असे आणि त्याआधी दर वेळी यादीतलं माझं नाव दोनदा वाचून घेई.

मोठ्या साहेबांना रस्सीखेचीचं वेड होतं. दर वर्षी कारखान्यामागच्या मैदानावर खात्याखात्यांचे सामने होत. जिंकणाऱ्या संघात जे हंगामी असतील ते कायम होत. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण होत असे तसंच. म्हणून धडधाकट हंगामी पोरं भल्या पहाटे उठून जोर काढत. अण्णांचं वजन एका वाळूच्या पोत्याइतकंही नसेल, तरी ते दर वर्षी फौंड्रीच्या कप्तानाकडे जाऊन मला घ्या म्हणत. कप्तान शिवण्णा भट्टीवरचा, दरवाजाएवढा माणूस. तो त्यांना पाण्याची घागर सांभाळायला सांगे. अण्णा कन्नडात "सरी", म्हणजे बरं, म्हणून घागर उचलत. पुढच्या वर्षी पुन्हा विचारायला जात.

एका वर्षी सरावात दोन्ही बाजू दोर ताणून उभ्या होत्या, कुणीच हलेना. अण्णा घागर घेऊन शिवण्णाच्या शेजारी उभे होते आणि त्यांना जांभई आली. समोरच, पलीकडच्या बाजूला सगळ्यात पुढे असलेल्या माणसाला ती आधी लागली. इतकंच झालं असतं तर बिघडलं नसतं. पण त्या बिचाऱ्याचा उजवा हात दोर सोडून तोंडापुढे गेला आणि त्यानं चुटकी वाजवली. तेवढ्यात त्याची अख्खी रांग पालथी पडली. सगळे खो खो हसले, शिवण्णा तेवढा हसला नाही. त्यानं अण्णांच्या हातून घागर काढून घेतली आणि तोच प्रकार आणखी दोनदा करायला लावला. दोन्ही वेळा रांग पालथी पडली. संध्याकाळच्या आत अण्णा संघात होते, तेसुद्धा दोराच्या सगळ्यात पुढच्या जागी.

पुढच्या माणसाचं तोंड फक्त पलीकडच्यांना दिसतं, आपल्यांना पाठ दिसते. हा हिशेब शिवण्णानं बरोबर केला होता. प्रश्न आवाजाचा होता, कारण अण्णांची जांभई नुसती ऐकूनही लागे. म्हणून आमचे सात जण कानांत कापसाचे बोळे घालून उतरत. मग त्यांना हाक ऐकू येईना. म्हणून लाल रुमाल घेऊन मला बाजूला, नेहमीची जांभई ऐकू येणार नाही इतक्या लांब उभं केलं; टाइम ऑफिसचा स्वतःचा संघ नव्हताच. रुमाल वर असेल तर ओढा, खाली गेला तर नुसतं धरून दम घ्या. शिवण्णानं दोनच नियम घातले. अण्णांनी मान वळवून आपल्या माणसांकडे बघायचं नाही आणि मी अण्णांच्या तोंडाकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं.

पहिले दोन सामने आम्ही असे जिंकलो की लोक दुरून बघायला येऊ लागले. पलीकडच्यांनी तक्रार केली. पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं. जांभई देऊ नये असं त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. हरलेले गडी म्हणत, आम्ही ठरवून आलो होतो हात सोडायचा नाही म्हणून. पण बोटं कुणाच्या ठरवण्यावर थोडीच चालतात.

त्या दिवसांतले अण्णा मला अजून दिसतात. ताठ चालत. कामावर जांभई आली तर ओठ घट्ट मिटून गिळून टाकत, म्हणत, "वाया नको." ज्या पोरांनी त्यांची टिंगल केली होती ती आता त्यांना आधी चहा देत. अण्णांच्या बायकोनं, आम्ही तिला अक्का म्हणत असू, घरात खाटेच्या वरच्या भिंतीवर खिळा ठोकून घेतला होता. कामावरून आल्यावर बिल्ला टांगायला. अण्णा खिडकीत येऊन मला धाकट्या भावासारखी हाक मारून सांगत, "तम्मा, नंबर देताना स्वल्प चांगला बघ. लक्षात राहील असा." नंबर देणं माझ्या हातात नव्हतं. मी हो म्हणत असे.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी संघाचा फोटो काढायचं ठरलं. फोटोग्राफर काळ्या कापडाखाली शिरला, अण्णा घाबरले आणि त्यांना जांभई आली. कापडाखालून चुटकीचा आवाज आला. फोटो सगळा हलला. म्हणून आज मला अण्णांचा चेहरा कुणाला दाखवायचा म्हटलं तर दाखवता येत नाही.

अंतिम सामना मशीन शॉपशी होता. त्यांनी तोड काढली होती. पुढच्या माणसाला डोळे मिटून उभं केलं होतं. अण्णांनी दोन जांभया दिल्या, गर्दीच्या आरड्याओरड्यात फुकट गेल्या. आमची रांग इंच इंच सरकत चालली. मला फक्त अण्णांचे पाय दिसत होते, मातीत रुतलेले, काटकुळे, पोटऱ्या थरथरणारे. मग अण्णांनी मोठ्या आवाजाची जांभई काढली. ती सुरू झाली आणि संपेचना. एवढ्याशा छातीतून एवढा आवाज येतो कुठून, हे बघितल्याशिवाय मला राहवेना. त्यांना काही झालं तर नाही, असंही वाटलं. मी मान वर केली आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर नाकासमोर होती, जिथं असायला हवी तिथंच.

पलीकडच्या माणसाचा जबडा उघडला. त्याचा हात दोरावरून सुटला. आता फक्त ओढायचं होतं. त्याच घटकेला मलाही जांभई आली, माझा हात तोंडापुढे गेला आणि मी चुटकी वाजवली. चुटकी वाजवायला बोटं मोकळी लागतात. रुमाल पडला.

आमच्या सात जणांनी रुमाल खाली गेलेला बघितला आणि दम घ्यायला थांबले. पलीकडचा सावरला आणि त्यांनी आम्हाला रेषेपार ओढून नेलं. अण्णा तोंडावर पडले.

शिवण्णानं कानातले बोळे काढले आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. रुमाल का टाकलास, एवढंच त्यानं विचारलं. मागे साहेब उभे होते. मला माझी चिठ्ठी दिसली.

मी म्हणालो, "अण्णांनी मान वळवली. माझ्याकडे बघून जांभई दिली."

शिवण्णानं अण्णांना विचारलं, खरं का. अण्णा गुडघ्यांवरची माती झटकत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हौदु, खरं. वळली असंल."

मी खोटं बोललो होतो, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. माझ्या वयाकडे बोट दाखवून, गरिबीकडे बोट दाखवून मी हे पुष्कळदा धुवायचा प्रयत्न केला आहे. निघत नाही. मी भित्रा होतो आणि समोर एक माणूस होता ज्याच्यावर ढकललं तर तो ढकलू देईल, हे मला पक्कं माहीत होतं.

साहेब म्हणे एवढंच म्हणाले की कामावर जांभया देणारा माणूस हवा कशाला. महिना संपला. माझ्यापुढे नवी यादी आली, त्यात नागोजीराव नव्हते. मी बाकीच्या चिठ्ठ्या लिहिल्या, माझीही लिहिली. अण्णा नेहमीच्या वेळी खिडकीत आले.

"यादीत नाव नाही, अण्णा," मी खाली बघून म्हटलं.

"सरी," ते म्हणाले. तरी क्षणभर थांबले. मी वर बघितलं तर त्यांचे ओठ ताणले जात होते. त्यांना जांभई येत होती आणि ती मला लागू नये म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या वेळी मात्र त्यांनी मान वळवली.

पुढच्या वर्षी फौंड्रीनं शिल्ड जिंकली. संघात कुणी जांभई देणारं नव्हतं, रुमाल मात्र माझ्याच हातात होता. रुमालवालाही संघातच धरला गेला आणि मला बिल्ला मिळाला. माझ्या नोकरीची सगळी वर्षं, जे. पी. नगरातलं हे घर, नातवाची ती पुस्तकं, सगळं त्या बिल्ल्यावर उभं आहे. अण्णा कॉटनपेटेत एका दुकानात गाद्या भरायला लागले. कुणी विचारलं तर हसून सांगत की आपल्याला योग्य जागा मिळाली, गिऱ्हाईक गादीवर टेकतं आणि तिथंच पेंगतं. दिवसभर कापूस नाकातोंडात जाई. फौंड्रीची वाळू छातीत आधीच होती.

एकोणीसशे पासष्टच्या सुमाराला ते फार आजारी असल्याचं कळलं. मी गेलो. दाराशी थांबून छातीवरचा बिल्ला काढून खिशात टाकला. आत अण्णा खाटेवर होते आणि वरच्या खिळ्याला औषधाच्या बाटल्यांची पिशवी टांगली होती. अक्कानं मला ओळखलं, बस म्हणाली आणि चहा करायला आत गेली.

मी एकच वाक्य घेऊन आलो होतो. बसमध्ये ते मनाशी घोकलं होतं. अण्णा, तुमची मान वळली नव्हती. मी त्यांचा हात हातात घेतला आणि बोलायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बघता बघता त्यांना जांभई आली. मग मला आली. अण्णांनी माझ्या हातातून आपला हात सोडवला, कसाबसा माझ्या तोंडापर्यंत आणला आणि चुटकी वाजवली. बोटांत जोर नव्हता, आवाज झाला नाही.

"दिली ती मी," ते म्हणाले. पुढचं म्हणायला दम पुरला नाही.

मी तोंड मिटलं. अक्कानं आणलेला चहा घेतला आणि घरी आलो. चौथ्या दिवशी अण्णा गेले.