टाकी आणि खिडकी

मुलाने हौसेने ॲक्सोलॉटल आणला, सरड्यासारखा पण पाण्यातच राहणारा. महिन्याभरात टाकीतलं पाणी हिरवंगार झालं, म्हणून सीताबर्डीतून एका ॲक्वेरियमवाल्याला बोलावलं. आल्याआल्या त्याने, कुणाचा ताप बघावा तसा, पालथा हात काचेला लावला.

"खिडकीतल्या उन्हानं शेवाळ धरलं, भाऊ. याले थंडावा लागते. एसीच्या खोलीत न्या."

अर्धं पाणी उपसून आम्ही दोघांनी टाकी माझ्या खोलीत नेली. हात पुसत तो हॉलमध्ये आला आणि थबकला. त्याच खिडकीखाली दिवाणावर माझी आई पदराने वारा घेत बसली होती.

"अन् आजीले काहून उन्हात ठेवून राहिले?"

मी हसण्यावारी नेलं.

पाणी आता नितळ आहे. आई अजून खिडकीखालीच बसते. त्या माणसाला मात्र मी पुन्हा बोलावलं नाही.