स्कूटरवरून पाहिलेलं सासर

स्कूटर सुरू होण्याआधीच आमचं भांडण झालं, आणि तेही सामानावरून. तीन दिवसांच्या प्रवासासाठी मी एक आटोपशीर बॅग भरली होती. कपडे, प्रथमोपचाराची पेटी, सुईदोरा, मेणबत्ती आणि शिट्टी. शिट्टी कशाला, असं आज माझी नात विचारते. मलाही सांगता येत नाही. नुकतीच लष्करातून निवृत्त झालेली बाई होते मी, शिट्टीशिवाय घराबाहेर पडलं की काहीतरी घालायचं राहिलंय असं वाटायचं. मास्तरांनी मात्र, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी एक फुगलेलं पोतडं (गोणपाटाची पिशवी) कोंबलं होतं.

“यात काय आहे?”

“सामान.”

“कुणाचं?”

“लोकायचं. बस आता, ऊन चढते मंग.”

मी बसले, पण डोळा पोतड्यावर ठेवून.

आता थोडं मागचं सांगायला हवं. मी साताऱ्याकडची, लष्करी रुग्णालयातली नर्स, आणि निवृत्त झाले ती लेफ्टनंट कर्नल होऊन. मास्तर वर्धा जिल्ह्यातल्या सेलूचे, शाळेत गणित शिकवायचे. कामठीला त्यांचा जवान भाऊ आमच्या वॉर्डात होता. भेटीची वेळ संपल्यावरही हा माणूस भावाच्या कॉटवर बसून संत्री सोलतोय म्हणून मी त्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले आणि वेळेवर गेले. तिसऱ्या दिवशीही तसंच. इतका हुकूम पाळणारा पुरुष मला पुन्हा भेटला नसता, म्हणून लग्न केलं.

त्यानंतर मी जम्मू, झाशी, आसाम अशी फिरत राहिले आणि मास्तर सेलूत राहिले. मुलगा आजी-बापाजवळ वाढला, शिकून बंगलोरला गेला. सासर म्हणून जे काही होतं, ते मी फक्त रजेत पाहिलं. स्टँडवर उतरलं की पहिला प्रश्न “कवा आली?” आणि लगेच दुसरा “कवा जातं?” तिसरा प्रश्न कुणी विचारत नसे. फौजेतल्या माणसाला सगळं जग हेच दोन प्रश्न विचारतं.

माझी पहिली रजा तर ऐकण्यासारखी आहे. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि मी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात वेळापत्रक लावलं होतं. पाचला उठणे, साडेपाचला झाडलोट, सहाला दूध काढणे. सासूबाईंनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं, आणि मला म्हणाल्या, “मले चालते बापा. म्हशीले तेवढं तू सांगजो.” म्हशीनं वेळापत्रक पाळलं नाही. मीही चौथ्या दिवशी आठला उठले.

तर निवृत्त झाल्यावर प्रश्न आला, राहायचं कुठं. माझी मैत्रीण सुमन, तीही नर्स, तीही निवृत्त, पुण्यात फ्लॅट घेऊन बसली होती. तिच्या शेजारचा फ्लॅट तिनं माझ्यासाठी शब्द टाकून अडवला होता आणि रविवारपर्यंत हो की नाही कळव म्हणून बजावलं होतं. मला पुण्याला जायचं होतं. तिथं कॅन्टोन्मेंट, मैत्रिणी, रविवारी पत्त्यांचा डाव. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, “तुले जे पटंल ते.” आणि पाठोपाठ, “चाल, तीन दिवस फिरून येऊ. सुट्टीवर तू गंज (पुष्कळ) वेळा आली. म्या कधी घेतलीच नाई.”

मी काय ओळखलं नसेल? सव्वीस वर्षं नोकरी केलेली बाई. हे सरळ अडवणार नाहीत, जिल्हा फिरवून माझं मन वळवणार, जागोजाग साक्षीदार उभे करणार, आणि त्या पोतड्यात साक्षीदारांना द्यायची लाच आहे. मी मनातल्या मनात आघाडी उघडली.

वर्ध्याला पोचताच शत्रूनं पहिला हल्ला केला. तर्री पोहे. पोह्यांवर लालभडक तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) ओततात, वर कच्चा कांदा, आणि डिसेंबरच्या थंडीत उभ्यानं खायचं. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हात पुढे, “अजून थोडी तर्री घाला.” पुण्यात हे मिळत नाही, ही नोंद मी नाइलाजानं घेतली.

देवळीपर्यंतचा रस्ता तुरीच्या पिवळ्या फुलांतून जातो. इतकं पिवळं मी कधी पाहिलं नव्हतं, कारण रजा नेहमी उन्हाळ्यात मिळायची, आणि उन्हाळ्यात हा जिल्हा भाजलेल्या पापडासारखा दिसतो. मध्येच वेचणी चाललेलं कपाशीचं शेत, ओट्यात (कमरेच्या झोळीत) कापूस भरून वाकलेल्या बाया. मी मागच्या सीटवरून मान वळवून वळवून पाहत होते. मास्तर म्हणाले, “हालू नको, पडू दोघंई.”

देवळीला नणंद, शकूताई. तिनं चुलीवरची भाकर आणि वांग्याचं भरीत केलं होतं. जेवणं झाल्यावर मास्तरांनी पोतडं उघडलं आणि गेलेल्या सासूबाईंचा पितळी गुंड (पाण्याचं भांडं) तिच्यापुढे ठेवला.

“घे, तुह्या मायचा हाय. तुले पाह्यजे होता ना.”

शकूताई गुंड मांडीवर घेऊन बसली आणि डोळ्यांना पदर लावला. माझ्याकडे बघून म्हणाली, “वैनी, जिवाले संभाळून राह्यजा.”

लाच पोचली, अश्रू निघाले. वा मास्तर. मी भरिताचा शेवटचा घास मुकाट्यानं गिळला आणि विरघळले नाही.

रात्री तिच्याकडेच थांबलो. दुसऱ्या दिवशी हिंगणघाटच्या आधी रस्ताच बंद. कापसाच्या बंड्या (बैलगाड्या), ट्रॅक्टर, मेटॅडोर, सगळं जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या) फाटकासमोर एकमेकांत अडकलेलं. बंड्यांवर पांढरे डोंगर, वाऱ्यानं कापूस उडतोय, रस्त्याच्या बाभळींना कापूस लागलाय. बाभळीला कापूस पिकतो असंच वाटावं. मला राहवेना. उतरले, बॅगेतून शिट्टी काढली आणि चौकात उभी राहिले.

“तुम्ही मागे. तुम्ही डावीकडे. ट्रॅक्टर, जागेवर थांब.”

माणसं चकित होऊन ऐकायला लागली. पाच मिनिटं मला वाटलं, आपण जन्मालाच याच्यासाठी आलो. मग एका पांढऱ्या बैलानं मध्येच बैठक मारली. मी त्याच्यासमोर जाऊन शिट्टी वाजवली. त्यानं एक कान हलवला.

बंडीवाले काका वरून म्हणाले, “बाई, तुम्ही पोलिसात हाय का?”

“मिलिटरीत होते.”

“मंग बराबर. पोलिसाले पाहून तो उठते.”

आसपासचे सगळे हसले, मास्तर तर हँडलवर डोकं टेकून. काकांनी उतरून बैलाच्या मानेवरून हात फिरवला, त्याच्या कानात काहीतरी बोलले, आणि तो उठला. माझ्या वॉर्डात मी भल्याभल्या सुभेदारांना उठवलं होतं, पण कानात बोलायचं कधी सुचलं नाही.

हिंगणघाटात मास्तरांचे मित्र नत्थूजी शिंपी. दोघं तीस वर्षं एका भजनी मंडळात. नत्थूजींची बायको चहा घेऊन आली तोवर मास्तरांनी पोतड्यातून फडक्यात गुंडाळलेली खंजेरी काढली आणि मशीनवर ठेवली. ही खंजेरी मला माहीत होती. घरात तिला कुणी हात लावलेला चालत नसे, मुलालाही नाही. रजेत मी एकदा तिच्यावर भाजीची टोपली ठेवली, तर हा मवाळ माणूस दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

नत्थूजींनी ती उचलली नाही. “काऊन मास्तर?”

“वाजवजो. चामडं ताणलेलं राह्यते.”

नत्थूजी माझ्याकडे बघून पुन्हा मशीनवर वाकले. टाके घालत राहिले, कापड मात्र मशीनखाली नव्हतंच. मला जरा चमत्कारिक वाटलं. लाच फारच मोठी होती. पण डोक्यात शिरलेला विचार माझ्या डोक्यातून सहजी निघत नाही, हे माझ्या सगळ्या वरिष्ठांनी लेखी दिलेलं आहे. मी ठरवलं, शत्रू आता शेवटचा दारूगोळा वापरतोय.

तिसऱ्या दिवशी गिरड. समुद्रपूर सोडलं की जमीन उठायला लागते, टेकडी दिसते, टेकडीवर दर्गा. वर गोल गोल दगड सापडतात, सुपारी-जायफळाएवढे. कुणा व्यापाऱ्यानं फकिराशी खोटं बोलून माल लपवला, त्याचे हे दगड झाले अशी गोष्ट सांगतात. हिंदू-मुसलमान सगळेच चढतात. मास्तरांची पहिली नोकरी याच भागातली, आणि तेव्हा ते ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत त्या अंजनामाय अजून होत्या. पाठ वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. मास्तर स्कूटरला पाणी मारायला मागे विहिरीवर गेले आणि मायनं मला खाटेवर बसवलं.

“तू त्याची बायको. मिलिटरीची.”

“हो.”

“नेऊन राह्यली त्याले पुण्याले.”

मी सावरून बसले. साक्षीदार क्रमांक तीन. “अजून ठरलं नाही, माय.”

“अजून काय ठराचं? त्यानं चिठ्ठी धाडली होती, पुण्याले चाल्लो, जायच्या आंधी पाय लागून जातो म्हणून. देवळीले बहिणीले भेटाले गेलता, हिंगणघाटले नत्थूले भेटाले गेलता. मले आता सांगतलं त्यानं.” तिनं माझा हात धरला. “नेतं त ने. नवरा हाय तुया. पण थंडीत त्याचे कान दुखते. रुमाल बांधत जाजो. तो सोताहून सांगत नाई.”

मी बसल्या जागी गार. तीन दिवस मी ज्याला मोहीम समजत होते, ती निरोपाची फेरी होती. हा माणूस मला थांबवत नव्हता. तो सगळ्यांचा निरोप घेत चालला होता, आणि मी मागे बसून त्याच्यावर पाळत ठेवत होते. टेहळणीचा एवढा फज्जा लष्करात झाला असता तर माझे फिती-बिल्ले काढून घेतले असते. आणि कान दुखतात, हे मला, नर्सला, इतक्या वर्षांच्या नवऱ्याबद्दल, गिरडच्या म्हातारीकडून कळत होतं.

टेकडी चढताना मी गप्प होते. हे पहिल्यांदाच घडत असल्यानं मास्तर घाबरले.

“पाय दुखून राह्यले का?”

“तुम्ही पुण्याला यायचं ठरवलं होतं?”

ते एक दगड उचलून पाहत राहिले. “हो.”

“मला का सांगितलं नाही?”

“तू इचारलं कुठं? तू म्हणे, कुठं राहाचं. म्या म्हटलं, तुले पटंल तिथं.”

“तुम्हाला पुणं आवडेल?”

“काय माहीत.” मग खाली पसरलेल्या शेतांकडे बघत, “तू इतकी वर्सं सरकार जिथं म्हणे तिथं गेली. इथं यायची त पाहुण्यावानी. म्या कधी हाललो नाई. आता एक खेप मी येतो, त काय झालं.”

दर्ग्यापाशी कुणी पेढे वाटत होतं. मी एक घेतला, कारण तोंडात काही नसतं तर मला रडू आलं असतं, आणि त्या वयात मी रडण्याच्या फार विरुद्ध होते.

खाली उतरल्यावर एसटीडीच्या पाटीचं दुकान दिसलं. मास्तरांना स्कूटरपाशी उभं करून मी पुण्याला फोन लावला.

“सुमन, फ्लॅट दुसऱ्या कुणाला दे.”

“मला माहीत होतं. मास्तरांनी अडवलं ना?”

“नाही गं. ते तर निघालेत. मीच अडवतेय.”

“शुद्धीवर आहेस का?”

“आहे. उन्हाळ्यात पत्ते खेळायला येईन. ते पण येतील. त्यांना नीट हरव.”

बाहेर येऊन मास्तरांना सांगितलं. ते बराच वेळ किक मारायचं विसरले. मग म्हणाले, “खंजेरी देऊन बसलो ना मी.”

“मागून आणू.”

“देल्लेलं मागाले मले लाज वाटते.”

“मला नाही वाटत.”

“नाई, राहू दे. त्याच्याच घरी जाऊन वाजवीन.” आणि ते हसायला लागले, अगदी कामठीच्या वॉर्डात संत्री सोलताना हसले होते तसे. मला इतका आनंद झाला की मी त्या भरात एक भलतीच गोष्ट केली. म्हटलं, “किल्ली द्या. मी चालवते.”

मला स्कूटर येत नव्हती. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरशेजारी बसून आयुष्यभर सूचना दिल्या होत्या, तेवढाच अनुभव. पण मास्तर निमूट मागे सरकले. गाव संपलं, रस्ता मोकळा, दोन्हीकडे तूर, आणि मी. पहिला गिअर, दुसरा गिअर. पदर उडतोय, मी ओरडून गाणं म्हणतेय, मास्तर मागून गच्च धरून. एका फाट्यावर मी बिनधास्त वळले. पुढे बऱ्याच वेळानं एक कुत्रं आडवं आलं, त्याला वाचवताना ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं गेलं, आणि आम्ही दोघं स्कूटरसकट तुरीत.

लागलं कुणालाच नाही. डोक्यात पिवळी फुलं घेऊन उठतोय तोच शेतकरी धावत आला.

“लागलं का? कुठचे हो तुम्ही?”

“सेलूचे,” मी म्हटलं. मास्तरांनी तोंड उघडायच्या आधी.

तो स्कूटर उभी करता करता थांबला. “सेलूले चाल्ले त अठीकडे काऊन? हा रस्ता त कोरा गावाले जाते. सेलू मांगं राह्यलं.”

मी मास्तरांकडे वळले. ते चष्मा पुसत होते.

“तुम्हाला कळलं होतं?”

“फाट्यावरच.”

“मग सांगितलं का नाही?”

“म्या म्हटलं, चालवू दे तिले.” त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या केसांतलं एक फूल काढलं. “जाऊन जाऊन कुठं जाईल, जिल्ह्यातच राहील.”