वांझ झाडाचे डोळे

स्कूटरमध्ये पेट्रोल भरायचं मी विसरलो, आणि परतवाड्याहून पार्बताबाईंच्या बागेकडे निघालेली आमची स्वारी अर्ध्या वाटेत थांबली. एरवी नत्थुजींनी वाटभर मला बडबड ऐकवली असती. आज मुकाट्यानं मागून ढकलू लागले. ते पाहून मीच घाबरलो.

नत्थुजींची संत्र्याची रोपवाटिका, मी त्यांचा शेजारी. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याच्या फांदीचा डोळा, म्हणजे कोंब, बांधून कलम करायचं, हा धंदा. हात असा, की तोंडाची बडबड थांबत नसे आणि बांधलेलं कलम मरत नसे. पण एका हंगामात गिऱ्हाइकांची रांग लागली, चांगल्या झाडांचे डोळे संपले, तेव्हा त्यांनी घरामागच्या वांझ झाडाचे डोळे बांधले. झाड हिरवंगार, फक्त जन्मात कधी फळलं नव्हतं. ती कलमं पार्बताबाईंनी नेली. असली लबाडी उघडी पडायला पाच-सहा वर्षं लागतात, हीच तिची सोय.

मग दोन वर्षांमागच्या नाताळाला झेंडूचे हार पोचवायला नत्थुजी चर्चमध्ये गेले. येशूनं सांगितलेली गोष्ट पास्टर सांगत होते: न फळणारं झाड, ते तोडायला निघालेला मालक आणि ‘एवढं वर्ष थांबा’ म्हणणारा माळी. नत्थुजींना वाटलं, बायकोनं, मैनाबाईनं, पास्टरला फोन करून सगळं कळवलं! पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले, मग जातच राहिले. एके दिवशी गुडघ्यावर बसून पोटभर रडले आणि हलके होऊन घरी आले. शिव्या देणं सुटलं, तशी मैनाबाई काळजीत पडली, “बिमार तं नाही ना तुमी?”

पण परवा बाजारात किसनराव भेटले, पार्बताबाईंचे यजमान. “बागीले मी ताण बराबर नाही देल्ला म्हन्ते बायको. चार लोकात बोलते.” फुलं यावीत म्हणून झाडांचं पाणी काही दिवस तोडायचं, तो ताण. तेव्हापासून नत्थुजींना घास उतरेना.

“फोनवर सांगता आलं असतं,” स्कूटरचं हँडल ओढत मी म्हणालो.

“फोन मले कापता येते. म्हनून पायानं चाल्लो.” मग मागून जोर लावत, “गावभर सांगतीन ते बाई. रोपवाटिका बसली समजा.”

आजूबाजूच्या बागा पांढऱ्या फुलांनी घमघमत होत्या. पार्बताबाईंच्या बागेत नुसती पानं.

“पाहा नत्थुभाऊ, एक फूल नाही! ह्या मानसाले साधा ताण देता नाही आला!” पार्बताबाई नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. किसनराव खाली मान घालून पाइप गुंडाळत राहिले.

नत्थुजींनी एका फांदीवरून हात फिरवला. आता हवापाण्यावर बोलून, चहा घेऊन हे परतणार, असं मला वाटलं.

“बाई, त्याइचा दोष नाही,” ते एकदम म्हणाले. “वांझ झाडाचे डोळे बांधले मी. जानूनबुजून. माफ करा.”

किसनरावांच्या हातातला पाइप गळून पडला. पार्बताबाई नवऱ्याकडेच बघत राहिल्या.

“तुमचं मंग पाहीन,” त्या नत्थुजींना म्हणाल्या. “आंदी मले ह्याइची माफी मांगा लागते. तुमी कुऱ्हाड घ्या.”

नत्थुजींनी सदरा काढून बांधावर ठेवला आणि पहिल्या झाडावर घाव घातला. मी जवळ गेलो. “देवानं तर केव्हाच माफ केलं म्हणत होतात. मग हे कशाला?”

“बाग देवाची नोती.”